सव्वापाच किलोचा बेस घ्यावा का नाही

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जालन्याला गेलो होतो एका लग्नाच्या ऑर्डरचा ॲडव्हान्स घ्यायला, आणि तिथं एका म्हाताऱ्या काकांच्या पलंगाखाली जो बेस गिटार बघितला तो पुढचा दीड महिना डोक्यातून निघालाच नाही. घ्यावा का नाही, घ्यावा का नाही. नोकरी बदलताना सुद्धा मी इतका विचार केला नव्हता. सगळं सविस्तर लिहितोय, लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

आधी माझ्याबद्दल थोडं, नाहीतर पुढचं हिशोबाचं प्रकरण कळणार नाही. मी मूळचा परभणीकडचा, जिंतूर तालुका, आता सोळा वर्षं झाली छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एका कंपनीत व्हीएमसी मशीनवर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन, दिवसभर ॲल्युमिनियमचे जॉब. राहायला बजाजनगर. आणि सुट्टीच्या दिवशी, रात्री, जसं जमेल तसं एका ग्रुपमधे बेस वाजवतो. लग्नाचे ऑर्केस्ट्रा, गणपती, नवरात्र, आणि सगळ्यात जास्त भीमगीतांचे कार्यक्रम. जयंती 14 एप्रिलची असली तरी आमच्याकडं गावोगावचे कार्यक्रम मे संपेपर्यंत चालूच असतात. एका रात्रीचे दीड हजार मिळतात, कधी दोन, कधी नुसतं जेवण आणि नारळ. वीस वर्षं वाजवून सुद्धा प्रत्येक गावात एकजण तरी जवळ येऊन विचारतोच, भाऊ चारच तारा कामून, बाकीच्या दोन तुटल्या का. आता मी हाव म्हणून मोकळा होतो.

तर जालन्याचे काका. वय सत्तरच्या पुढं, आयुष्यभर चर्चमधे वाजवलं, मधे एका बँडमधे पण होते. त्यांचा मोठा भाऊ जहाजावर नोकरीला होता, त्यानं 1983 ला अमेरिकेहून येताना हा बेस आणला होता. आता काकांच्या बोटांना संधिवात, मुलं पुण्याला, घरात वाजवणारं कोणी नाही. पलंगाखालून काळी पेटी ओढली, दोघांनी मिळून ओढली बरं का, आणि उघडली तर आधी डांबर गोळ्यांचा वास आला आणि मग ते धूड दिसलं. बॉडी लाकडाची, गडद, छान रेषा असलेली. पण मान ॲल्युमिनियमची! डोकं तर असं की मधे मोठी खाच आणि दोन बाजूला दोन शिंगं, गाण्याच्या मास्तरांकडं तो सूर लावायचा लोखंडी चिमटा असतो ना, टकटक करून कानाला लावतात तो, हुबेहूब तसं. मागून बघितलं तर मानेत लांबच लांब दोन लाकडी पट्ट्या बसवलेल्या, हाताला नुसता धातू लागू नये म्हणून. फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं दाबायची पट्टी, काळा कुळकुळीत, तो पण लाकडाचा नाही, सिंथेटिक. म्हणजे वरून खालपर्यंत बघितलं तर वाद्य कमी आणि आमच्या शॉप फ्लोअरवरचं जॉब पकडायचं फिक्श्चर जास्त वाटायलं.

उचलला आणि म्हणलं अरे बाप रे. काका हसले, म्हणले हळू, कंबर धरंल.

जालना म्हणजे स्टीलच्या सळयांचं गाव, जिकडं बघावं तिकडं रोलिंग मिल, आणि अशा गावात येऊन मी ॲल्युमिनियमची गिटार बघायलो याचं मलाच हसू येत होतं.

आता असा बेस कोणी आणि कशाला केला असेल, हे मी त्याच रात्री बसून वाचून काढलं. इलेक्ट्रिक बेस हा प्रकारच तसा फार जुना नाही, लिओ फेंडरनं 1951 ला प्रिसिजन बेस बाजारात आणला तिथून खरी सुरुवात. त्याच्या आधी बेस म्हणजे माणसाएवढा उभा डबल बेस, तो घेऊन टॅक्सीत बसायची पंचाईत. फेंडरनं मान मेपलच्या लाकडाची ठेवली. आता चार तारा सुरात लावल्या की चौघींचा मिळून ताण साधारण 75 किलो भरतो, म्हणजे एक धडधाकट माणूस त्या मानेला चोवीस तास लटकलेला आहे असं समजा. लाकूड वाकणारच. म्हणून आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड, ती पान्यानं पिळून मान सरळ करायची. पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा पिळावीच लागते, माझ्या बेसला मी दर जूनला पिळतो. 1974 च्या सुमाराला कॅलिफोर्नियात ट्रॅव्हिस बीन नावाच्या माणसानं ठरवलं की लाकूडच नको, मान सरळ ॲल्युमिनियमची करू. त्याच्यासोबत असलेला गॅरी क्रेमर नंतर वेगळा झाला आणि 1976 ला क्रेमर कंपनी निघाली, ती न्यू जर्सीत. त्यांनी धातूच्या मानेत लाकडी पट्ट्या घातल्या आणि डोक्याला ती खाच दिली. अशा मानेत ट्रस रॉडच नसतो, पिळायला काही नाहीच. पण जड पडतं, करायला महाग पडतं, आणि लोकांना हाताला गार लागतं, त्यामुळं 1980 च्या दशकात त्यांनी पण लाकडी माना सुरू केल्या आणि हा प्रकार संपला. काकांचा बेस त्याच खानदानातला.

भाव त्यांनी साठ हजार सांगितला. मी काहीच बोललो नाही, चहा घेतला आणि निघालो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. संवाद जसाच्या तसा देतो.

"अहो, तुमच्याकडं एक आहे ना?"

"तो लाकडाचा आहे."

"मग?"

या "मग"चं उत्तर मला दीड महिना सापडत नव्हतं. माझा सध्याचा बेस चायना बनावटीचा जॅझ बेसची कॉपी, मुंबईहून चौदा हजाराला आणलेला, नऊ वर्षं झाली, काही तक्रार नाही म्हणजे खास नाही. पोरगी दहावीला. गावाकडं बोअरची मोटर यंदा दोनदा जळली. साठ हजार म्हणजे दीड हजाराच्या चाळीस रात्री, आणि वर्षाला मला मिळतात तीसेक. हे गणित तोंडपाठ होतं तरी डोकं त्या चिमट्यासारख्या शिंगांकडंच जायचं.

मग मी आमच्या धंद्यातलं डोकं लावायचं ठरवलं. ॲल्युमिनियम आणि उष्णता हा माझा रोजचा विषय आहे. मशीनमधून निघालेला गरम जॉब कधी मोजायचा नाही, हे पोराला पहिल्या दिवशी शिकवतात. बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, बरोबर आहे म्हणून पुढं ढकलायचा आणि इन्स्पेक्शनच्या एसी रूममधे 20 डिग्रीला गेला की तोच बोअर लहान भरतो आणि रिजेक्शन आपल्या नावावर. तर कँटीनमधे बसून टिश्यू पेपरवर हिशोब मांडला. नटपासून, म्हणजे डोक्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीपासून, बॉडीपर्यंत उघडी मान धरा 600 मिलिमीटर. ॲल्युमिनियम एका मीटरमागं एका डिग्रीला 23 मायक्रॉन वाढतं, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सकाळी खोलीत 25 डिग्री आणि मांडवात 40, म्हणजे 15 चा फरक. 0.6 गुणिले 23 गुणिले 15, आले 207 मायक्रॉन. दोनशे मायक्रॉन! आम्ही वीस मायक्रॉनसाठी सुपरवायझरच्या शिव्या खातो. मी बाजूच्या सेटरला दाखवलं तर तो म्हणला हे तर भंगारात जाईल. मी म्हणलं थांब, तार पण स्टीलची आहे ना, ती पण वाढती. स्टील साधारण 12 मायक्रॉन, म्हणजे अर्धं. पण तार पूर्ण 864 मिलिमीटरची, 34 इंच स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, असतो बेसचा, तर ती वाढली 155. मान तारेला ताणायली आणि तार स्वतः ढिली व्हायली, दोघांची ओढाताण, उरतात पन्नास-साठ मायक्रॉन, बॉडीचं लाकूड थोडं धरलं तर सत्तरच्या आसपास. म्हणजे सूर थोडा चढणार. पण कागदावरचं कागदावर, वाजवून बघितल्याशिवाय काय कळतंय.

काकांना फोन केला, पाच हजार ठेवतो, दहा दिवस द्या, नाही जमलं तर परत आणून देतो. ते लगेच हो म्हणले, मला वाटलं नव्हतं.

आणायला मोटरसायकलवर जायचा मूर्खपणा केला नाही, एसटीनं गेलो, साठेक किलोमीटरच तर आहे. येताना कंडक्टरनं पेटी बघितली, "काय हाय यात?" म्हणलं बाजा. त्यानं एका हातानं उचलून बघितली आणि खाली ठेवली, "बाजा हाय का बाजारातला बाट हाय." लगेजचं तिकीट फाडलंच.

दुसऱ्या दिवशी कामावर जाता जाता भंगारवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. 5 किलो 240 ग्रॅम. माझा चायनावाला पण नेला होता, तो 3 किलो 900. भंगारवाला भाई इमानदार माणूस, त्यानं मान टिचकी मारून बघितली आणि म्हणला, माल असली है, दीडशेच्या भावानं घेतो, लकडी काटके. म्हणजे साठ हजाराची वस्तू आमच्या चौकात तीन-चारशेला बसत होती. हे मी घरी सांगितलं नाही.

मग टेस्ट. रविवारी सकाळी दोन्ही बेस खोलीत कूलरसमोर तासभर ठेवले, क्लिप ट्यूनर लावून अगदी काट्यावर सुरात आणले, आणि दुपारी दीडला गच्चीवरच्या पत्र्याखाली नेऊन ठेवले. उन्हात नाही ठेवले, तेवढी अक्कल आहे. थर्मामीटर खोलीत 29 दाखवत होता आणि पत्र्याखाली 40. पहिल्या पाच मिनिटात दोन्हीचे सूर उतरले, कारण तारा बारीक, त्या पटकन तापतात. नंतर गंमत झाली. ॲल्युमिनियमवाल्याची मान हळूहळू तापली तसा सूर परत वर यायला लागला, अर्ध्या तासात मूळ जागेवर आला आणि तिथून पुढं जाऊन दहा-बारा सेंट चढून थांबला. शंभर सेंटचा एक अर्धा स्वर, म्हणजे बारा सेंट फार नाही. आणि माझा लाकडाचा? तो उतरला तो उतरलाच. जवळजवळ वीस सेंट खाली, आणि तिथंच बसून राहिला, कारण लाकूड गरमीनं तितकं वाढतच नाही, त्याला दमटपणा बाधतो. म्हणजे मी नऊ वर्षं मे महिन्यात मांडवात वीस सेंट खाली वाजवायलो आणि एका माणसानं कधी सांगितलं नाही! की-बोर्डवाल्यानं पण नाही! मला त्या दिवशी बेसपेक्षा आमच्या ग्रुपचीच जास्त काळजी वाटली.

म्हणजे ज्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त भिलो होतो ती निघाली किरकोळ. दोन्ही वाद्यं सरकतात, एक वर एक खाली, कार्यक्रमाच्या आधी मांडवात अर्धा तास उघडं ठेवायचं आणि मग सूर लावायचा, विषय संपला.

आवाजाचं सांगतो. हे शब्दात येत नाही पण प्रयत्न करतो. माझ्या बेसवर सगळ्यात बारीक तारेवर, जी तारेवर, सहाव्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या सहाव्या आडव्या पट्टीच्या आसपास एक मेलेली जागा आहे. तिथं स्वर वाजवला की टण् म्हणतो आणि विरून जातो, विहिरीत खडा टाकल्यासारखा. लाकडी मानेच्या लई बेसना ती असते, तारेची थरथर मान स्वतःच पिऊन टाकते. काकांच्या बेसवर ती जागा मी नखानं शोधली तरी सापडली नाही. एक स्वर वाजवून मी पाणी प्यायला गेलो, खरंच गेलो, आलो तर बारीक आवाजात चालूच होता. खालची ई तार म्हणजे 41 हर्ट्झ, आमच्या स्वस्तातल्या ॲम्पवर ती नुसती घरघर करते, पण या बेसवर तिला टोक होतं, पियानोच्या खालच्या पट्टीला असतं तसं. पोरगी अभ्यास सोडून बघायला आली. "पप्पा, हे कोण वाजवायलं?" म्हणाली. मी बसलेलो तिथंच.

आता वाईट बातमी. बुधवारी प्रॅक्टिसला नेला, उस्मानपुऱ्यात आमची एक खोली आहे तिथं. पट्टा गळ्यात घातला, उभा राहिलो, आणि डाव्या हातानं मान सोडली तर ते डोकं धाडकन खाली. बैल जुवाखाली मान टाकतो ना तसं. नेक डाइव्ह म्हणतात याला, मान लांब आणि धातूची, बॉडी आखूड, मग तोल कुठं राहणार. म्हणजे डावा हात स्वर धरायला कमी आणि मान तोलून धरायला जास्त. चार गाण्यांनंतर मनगट दुखायला लागलं, दोन तासांनंतर खांदा. मी दिवसभर मशीनवर उभा असतो, वय एकेचाळीस, डाव्या खांद्यात आधीच थोडी कळ असते. सव्वा किलोचा तर फरक आहे असं काट्यावर वाटलं होतं, पण तो सव्वा किलो रात्री साडेअकराला वेगळाच भरतो, दुपारी वेगळा.

गाणारे दादा म्हणले, आवाज भारी आहे पण तू शेतातल्या बुजगावण्यासारखा वाकडा दिसायला. शूटिंग असलं की कसं करणार.

माझ्यातला मशिनिस्ट जागा झाला. म्हणलं मागच्या बाजूला, पट्ट्याच्या बटणाजवळ, पितळेचं वजन बसवू, साधारण सहाशे ग्रॅमचं, टर्निंग करून मस्त गोल करू, तोल बरोबर येईल. ड्रॉइंग पण काढलं. मग रात्री झोपताना लक्षात आलं की सव्वापाच किलोचा बेस जड आहे म्हणून मी त्याला पावणेसहा किलोच्या वर न्यायलोय. ड्रॉइंग फाडलं. त्यापेक्षा पैठण गेटजवळ चामड्याचं काम करणाऱ्या मामांकडून चार इंच रुंद पट्टा शिवून घेतला, आतून खरबरीत बाजू, म्हणजे शर्टावर घसरत नाही आणि डोकं तितकं पडत नाही. साडेसातशे रुपये. निम्मा फरक पडला. निम्माच.

दुसरी अडचण मला आधी सुचलीच नव्हती. तो जो न संपणारा स्वर, ज्याच्यावर मी भाळलो होतो, तो ढोलकीबरोबर अडायला लागला. ढोलकीची जाड बाजू घुमती, तिच्या खाली बेसनं टप्प टप्प आखूड वाजायला पाहिजे, जागा सोडायला पाहिजे, आणि हा बेस जागा सोडतच नव्हता. मागचा स्वर संपायच्या आत पुढचा, नुसता गदारोळ. ढोलकीवाला पोरगा तिसऱ्या गाण्याला थांबला आणि म्हणला भाऊ, तुमचं ते बंद होत नाही का? शेवटी भांडी घासायचा स्पंज कापून पुलाजवळ, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथं, तारांखाली दाबला. आवाज लगेच सभ्य झाला. पण मग माझ्याच मनात आलं, साठ हजार देऊन लांब स्वर विकत घ्यायचा आणि दहा रुपयाच्या स्पंजनं त्याचा गळा दाबायचा, हे कुठलं शहाणपण. त्या रात्री मी जवळजवळ ठरवलं होतं, परत द्यायचा.

त्या प्रॅक्टिसला आमचे हलगीवाले मामा पण होते. ते जास्त बोलत नाहीत, तंबाखू मळत कोपऱ्यात बसलेले असतात. सगळे त्या बेसला नावं ठेवायले, हे असलं कुठं असतंय का, गरमीत फुगतंय, थंडीत गार पडतंय, मान टाकतंय. मामा म्हणले, "आमची हलगी शेकल्याबिगर वाजती का? पावसात तर कागदाचा जाळ करून घंटाभर शेकावं लागतंय. पेटी पावसाळ्यात फुगती, तबला हातोडी खातो, ढोलकी रोज ओढावी लागती. तुमचं हे निस्तं जड हाय म्हणून इतकी बोंब." आणि परत तंबाखू. माझं मत काही त्यांच्या बोलण्यानं बदललं नाही, बदललं असं म्हणलं तर खोटं होईल, पण रोज बघून सुद्धा हलगीचं मला सुचलं नव्हतं हे मात्र खरं.

दहा दिवस संपले. काकांना फोन करून अजून आठ दिवस मागितले. ते म्हणले ठेव की, इथं पलंगाखालीच असतो.

आणि त्या आठ दिवसात मी एक साधं काम केलं जे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. डायरी काढली. मी कार्यक्रमाची तारीख, गाव, मिळालेले पैसे लिहून ठेवतो, जुनी सवय. मागच्या वर्षी 31 कार्यक्रम. त्यातले 19 उभ्यानं वाजवायचे, लग्न, गणपती, ऑर्केस्ट्रा. आणि 12 बैठकीचे, कव्वालीच्या ढंगातली भीमगीतं, सगळे गादीवर मांडी घालून बसलेले, पुढं गायक, मागं कोरस, बाजूला ढोलकी, आणि मी मांडीवर बेस घेऊन. बसून! बसल्यावर वजन कुठंय? मांडीवर बॉडी टेकली, उजव्या कोपरानं दाबून धरली की डोकं पण पडत नाही. मी लगेच खाली चटईवर बसून दोन तास वाजवून बघितलं, मांडीला मुंग्या आल्या त्या सोडल्या तर काही त्रास नाही. आणि त्या बैठकीत मधे मधे जे संथ कडवं येतं, ढोलकी थांबती, गायक एक ओळ लांबवतो, तिथं मला नेहमी वाटायचं की आपला स्वर लवकर मेला. तिथं स्पंज काढायचा. स्पंज असा बसवला की एका बोटानं सरकवता येतो. एवढंच जुगाड.

म्हणजे प्रश्न असा झाला की बारा रात्रींसाठी साठ हजार द्यायचे का. तसा बघितला तर उत्तर नाही असंच येतं. मी बायकोला तसं सांगितलं पण. ती ब्लाऊजला हूक लावत होती, मान वर न करता म्हणाली, "उभ्याचे कार्यक्रम किती वर्ष करणार आहात अजून? परवा मूव्ह कोणी लावून दिलं खांद्याला?" मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "पण साठ नाही द्यायचे."

साठ नाही दिले. घासाघीस करायला मला जमत नाही, पण दोन गोष्टी खऱ्या होत्या त्या सांगितल्या. बरीच वर्षं पडून व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करायचं बटण, खरखर करायला, आणि फ्रेट खालच्या बाजूला बरेच झिजलेले. आणि ही धातूची मान, तिच्यावर फ्रेट बदलायला आपल्याकडं माणूस सापडणं सोपं नाही, आणि ट्रस रॉड नसल्यामुळं उद्या मान वाकली तर पिळायची सोय नाही. म्हणजे ते वाकत नाही म्हणून घ्यायचं आणि वाकलं तर संपलं. काका ऐकून घेत होते. शेवटी 48 हजारावर आले, पाच आधीचे, वीस लगेच, बाकीचे दिवाळीपर्यंत. कागद नाही, पावती नाही. चार-पाच महिने माझी दुपारची चहा-भजी बंद होती, आणि लाकडी बेस विकायचा विचार होता तो विकला नाही, उभ्याच्या कार्यक्रमांना तोच नेतो. पॉट कॉन्टॅक्ट क्लिनर मारून साफ झाला, त्याला दोनशे रुपये पण लागले नाहीत, हे काकांना सांगायला मला अजून धीर झाला नाही.

14 जानेवारीला नामविस्तार दिन, 1994 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं तो दिवस. विद्यापीठ गेटकडं माणसांचा पूर असतो, गावोगावहून लोक येतात, शहरात ठिकठिकाणी स्टेज. आमची बैठक एका वस्तीत रात्री दहाला होती. थंडी अशी होती की बोलताना तोंडातून वाफ. पेटी उघडली आणि मानेला हात लावला तर बर्फ. मे महिन्यात जो सूर चढला होता तो आता उलटा, आधी तारा गारठून चढल्या, आणि मान गारठली तसा सगळा सूर खाली खाली यायला, ट्यूनरचा काटा एका जागी थांबंना. बोटं तर वाजवायच्या आधीच बधिर. अनाउन्सर माईकवर आमचं नाव घ्यायला, आणि मी स्टेजमागं शालीत मान गुंडाळून बगलेत धरून बसलेलो, शेळीचं करडू धरतात तसं.

तिकडं मामांनी कागद, पाचोळा गोळा करून जाळ केलेला, हलगी शेकणं चालू. मी उठून बेस घेऊन तिथं गेलो. बाजूला उकिडवा बसलो आणि मान जाळाच्या दिशेनं केली, चांगली हातभर लांब. मामांनी एकदा हलगीवर बोट आपटून बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि थोडे बाजूला सरकून जागा केली.

"इतकं जवळ नको धरू," म्हणले, "डिंक सुटंल गड्या."

म्हणलं मामा, ॲल्युमिनियमला डिंक नसतो.

"मागच्या लाकडाला तर हाय ना," म्हणले.

मी मान दोन वीत मागं घेतली.